धरायला घरचं माणूस

"मॅडम, जरा उजळ काढा हो."

ऋतुजा मगदूमनं डोळे मिटले, चार माणसांत उच्चारता येणार नाही असा एक शब्द मनातल्या मनात म्हटला आणि डोळे उघडले. समोर लग्नाच्या मुलीची मावशी उभी होती. मागे मुलगी, थेट पार्लरमधून आलेली, केसांत गजरा माळून.

"मावशी, हाडांचा फोटो आहे हा. हाडं सगळ्यांचीच पांढरी येतात."

"मग जरा जास्त पांढरी काढा की. तुमच्या हातातलं आहे ते."

"माझ्या हातातलं काही नाही. गजरा काढा, गळ्यातलं काढा, कानातलं काढा."

"कानातलं राहू दे की. तेवढंच शोभेल."

ऋतुजानं कानातल्यांसाठी प्लास्टिकची वाटी पुढं केली आणि मावशीला बाहेरच्या बाकाचा रस्ता दाखवला. एक्स-रे टेक्नॉलॉजिस्ट व्हायचं म्हणून ती मिरजेला शिकायला आली, तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर मोडलेले पाय होते, न्यूमोनियाच्या छात्या होत्या, नाणं गिळलेली पोरं होती. लग्नाचे फोटो काढायचे असते तर ती फोटो स्टुडिओतच गेली नसती का?

हे सगळं झालं त्या नव्या मशीनमुळं. पूर्वी एक्स-रे म्हणजे सावली होती. किरण अंगातून आरपार जायचे, हाडांत अडायचे, आणि जे अडलं त्याची सावली प्लेटवर उमटायची. नव्या मशीनची प्लेट किरणांचा कण न् कण मोजते, तो किती जोर गमावून आला हेही मोजते. त्यामुळं अगदी नाममात्र किरणांत हाडाच्या आतलं दिसायला लागलं. हाड बाहेरून टणक असलं तरी आतून जाळीदार असतं, आणि ही जाळी शरीर जन्मभर मोडत असतं आणि परत विणत असतं. मोडणं जास्त आणि विणणं कमी झालं, की एक दिवस माणूस मोरीत घसरतो आणि त्याचा खुबा मोडतो. मशीनला लाखो लोकांचे जुने फोटो दाखवले होते, आणि त्या लोकांचं पुढं काय झालं हेही शिकवलं होतं. त्यावरून ते तरुण माणसाची जाळी बघून सांगायला लागलं, की कोणत्या वयात काय मोडेल आणि माणूस कधी अंथरुणाला लागेल. हाताची हाडं त्याला सगळ्यांत नीट वाचता यायची. लहान हाडं, वर मांस कमी. माणूस छाती प्लेटला लावून उभा राहिला, की मशीन आधी चौकटीतला स्थिर हात शोधायचं, त्यावरून अहवाल मांडायचं आणि बाकीचं अंग मागाहून बघायचं.

ज्यांनी ते केलं त्यांचा हेतू चांगला होता. आधी कळलं तर औषध घेता येतं, व्यायाम करता येतो, जाळी परत विणता येते. पण आपल्याकडं चांगला हेतू टिकतो किती दिवस? दोन-तीन लग्नसराया होईस्तोवर त्याची हाडपत्रिका झाली. हिरवी आली तर पुढची बोलणी, लाल आली तर 'कळवतो'. आणि ऋतुजाला सगळ्यांत चीड कशाची यायची, तर लाल पत्रिकेचं एकही माणूस औषधासाठी परत यायचं नाही. सगळे दुसऱ्या सेंटरला जाऊन आणखी एक फोटो काढायचे, तिथं तरी हिरवी येईल म्हणून.

तिनं स्वतःची कधी काढली नव्हती. स्टाफला फुकट होती, तरी नाही. तिची आई पंचावन्नाव्या वर्षी मोरीतच पडली होती आणि नंतर उठलीच नाही. शेवटपर्यंत तिचं सगळं ऋतुजानं केलं, कूस बदलण्यापासून भांडं देण्यापर्यंत. आपल्या पुढ्यात काय वाढून ठेवलंय ते आधीच कळून काय लोणचं घालायचं होतं?

*

"आई, विहानच्या घरच्यांना माझी हाडपत्रिका हवी आहे," ओवी म्हणाली. ओवी म्हणजे ऋतुजाची एकुलती एक. नवरा गेल्यापासून घरात या दोघीच. पोरगी सांगलीला हळद तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती आणि घरी आली की तिच्या ओढणीलाही हळदीचा वास यायचा.

ऋतुजानं भाकरी तव्यावर टाकली ती जरा जोरातच.

"तुमचं लव्ह मॅरेज ना? मग पत्रिका कशाला?"

"त्याच्या आईला हवी आहे."

"आणि तो काय म्हणतो?"

"तो म्हणतो, बघू."

विहान शेडबाळे मुलगा सालस होता, जयसिंगपुरात त्याचं दुकान चांगलं चालत होतं, फक्त त्याचं 'बघू' फार होतं. हॉल कोणता घ्यायचा, बघू. राहायचं कुठं, बघू. या 'बघू'नं ऋतुजाचं डोकं कधीच उठलं होतं, पण पोरीला आवडलाय म्हटल्यावर ती गप्प होती.

तेवढ्यात विहानच्या आईचा, शीतल शेडबाळेंचा फोन आला. "ऋतुजाताई, आमचं तसं काही नाही हो. ओवी आम्हाला पसंतच आहे. पण आता पद्धतच आहे ना? आणि तुमच्या तर घरचंच मशीन."

"घरचं नाही, सेंटरचं आहे."

"तेच ते. विहानची हिरवी आलीय बघा, अगदी हिरवीगार."

"आणि तुमची?" असं ऋतुजाच्या अगदी ओठांवर आलं होतं. सासूची हाडपत्रिका कुणी मागत नाही. सगळी हाडं तपासायची ती येणाऱ्या पोरीचीच.

"काढून टाकू ना गं," फोन ठेवल्यावर ओवी म्हणाली. "मला काय भीती आहे? पण तूच काढ. दुसऱ्या कुणापुढं मी तो गाऊन घालणार नाही."

*

सोमवारी सकाळी ओवी मशीनपुढं उभी राहिली आणि तिला हसू फुटलं. मशीन त्याच्या गोड आवाजात म्हणालं, "कृपया स्थिर उभे राहा." ओवी आणखी हसली.

"अगं, गप उभी राहा की. बाहेर रांग लागलीय."

"ती बाई अशी बोलते की जणू मला बघायलाच आलीय."

"खांदा खाली. सैल सोड. हात प्लेटवर." ओवीचे हात हसण्यानं हलत होते. ऋतुजानं पुढं होऊन तिचा खांदा दाबला. हे तिनं जन्मभर केलं होतं. पेशंटचा खांदा दाबायचा, नीट करायचा, मग मागं भिंतीआड जाऊन बटण दाबायचं. शिकवताना जमादार सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पोर रडत असो की म्हातारा थरथरत असो, आपण धरायचं नाही. धरायला घरचं माणूस. ते जन्मात एकदा किरण खाईल, आपण धरत बसलो तर रोज खाऊ. ऋतुजानं तो नियम कधीच मोडला नव्हता.

पण आता भिंत नव्हती आणि बटणही नव्हतं. चौकटीत स्थिर हात दिसला की मशीन आपणहून फोटो काढायचं. आणि त्या दिवशी ऋतुजाचा हात खांद्यावर जरा जास्त वेळ राहिला. आपली पोर सासरी निघाली हे तिला तिथं, त्या गाऊनच्या पातळ कापडातून जाणवलं. मशीन टिक् वाजलं.

"आभारी आहोत. अहवाल पाठवला आहे."

अहवाल एकाच वेळी दोन्ही घरी जायचा, तशी संमती आधीच घेतलेली असायची. ऋतुजानं पडद्यावर पाहिलं. लाल. पन्नाशीनंतर थोड्याच वर्षांत खुबा, मग पाठीचे मणके, मग अंथरूण.

ओवीनं मान वळवून पाहिलं आणि तिचं हसू तसंच तोंडावर राहिलं.

"आई, हे माझं आहे?"

 आपल्या आईचं दुखणं आपल्याला वगळून पोरीकडं गेलं, एवढंच ऋतुजाच्या डोक्यात येत होतं. 

*

शीतलबाईंचा आवाज फोनवर साखरेत घोळलेला होता. "आपण थोडं थांबू या का? घाई कशाला? आजकाल अंथरुणावरच्या माणसाचं करणं किती अवघड आहे, तुम्हाला माहितीच आहे." विहान संध्याकाळी येऊन गेला. मला काही फरक पडत नाही, म्हणाला. आईशी बोलतो, म्हणाला. मग बघू, म्हणाला. तो गेल्यावर ओवी ताटावर बसली आणि न जेवता उठली.

ऋतुजाला सगळ्यांचा राग आला. शीतलबाईंचा, विहानचा, मशीनचा, ते करणाऱ्यांचा, आणि 'काढून टाकू' म्हणणाऱ्या ओवीचासुद्धा. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे घेऊन बसले, तेव्हा ती मशीनपाशी गेली. मूळ फोटो आता कुणी बघत नसे. मशीन वाचून सांगायचं, मग बघायचं कशाला? तो आत कुठंतरी दडवलेला असायचा आणि उघडायला सतरा ठिकाणी बोट लावावं लागायचं. ऋतुजा मशीनला शिव्या घालत बोट लावत गेली. निदान पोरीच्या हाडात नक्की काय आहे ते तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

फोटो उघडला. छाती स्वच्छ. ओवीचे दोन्ही हात हलल्यामुळं पुसट. आणि खांद्यावर, गळ्याच्या हाडाशेजारी, तिसरा हात. काडीइतका न हललेला. पाचही बोटं लख्ख, आणि करंगळीच्या मुळाचं हाड वाकडं जुळलेलं.

शिकत असताना एक्स-रेची फिल्म ठेवायची जड कॅसेट हातावर पडून ते हाड मोडलं होतं. ऋतुजानं स्वतःची करंगळी डोळ्यांपुढं धरली, मग पडद्याकडं पाहिलं, आणि तिला एकदम हसूच आलं. पोरीचं नाही. पोरीचं नाहीच ते. ती खुर्चीत बसून हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. इतकी वर्षं पेशंटना 'हलू नका' सांगून सांगून स्वतःचाच हात एवढा स्थिर झाला होता, की मशीननं पोरीला सोडून आईला वाचलं.

मग हसू थांबलं. पोरीचं नाही म्हणजे कुणाचं, ते हळूहळू तिच्या ध्यानात आलं. पन्नाशीनंतर थोड्याच वर्षांत. आणि पन्नाशी तर आलीच होती.

डबा तसाच बंद राहिला. हात धुऊन येईपर्यंत तिचं ठरलं होतं. हे कुणाला सांगायचं नाही. पोरीचा फोटो परत काढायचा, मशीनचा दोष होता म्हणायचं, लग्न लावून द्यायचं. पुढचं पुढं.

*

दुसऱ्यांदा ओवी अजिबात हसली नाही. ऋतुजा लांब, दाराशी उभी राहिली. पत्रिका हिरवी आली.

शीतलबाई दुसऱ्याच दिवशी पेढे घेऊन हजर झाल्या, विहानला बरोबर घेऊन. "मला वाटलंच होतं," त्या सोफ्यावर टेकत म्हणाल्या. "एवढी तरतरीत पोरगी, लाल येईलच कशी? मशीन म्हटलं की चुकायचंच."

"हो, चुकतं कधी कधी," ऋतुजा म्हणाली.

"कसं काय चुकलं पण?" ओवीनं विचारलं.

"काहीतरी बिघाड होता. चहा ठेवते मी."

"नाही, पण बिघाड झाला तर काहीच यायला नको, नाहीतर खिचडी यायला हवी. ते इतकं व्यवस्थित लाल कसं आलं?" ओवी पेढा हातात तसाच धरून विचार करत होती. लॅबमध्ये राहून पोरीला ही खोड लागली होती. "आमच्याकडं एखाद्या शेतकऱ्याचा अहवाल भलताच आला की आमचे साहेब म्हणतात, अहवाल बरोबर आहे, नमुन्याची पुडी दुसऱ्याची आली आहे."

"तू आता पेढा खा बरं," ऋतुजा म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "जे झालं ते झालं. प्रत्येक गोष्टीची सालं काढत बसायची काय गरज आहे?"

ती चहाचा ट्रे घेऊन आली. एकेक कप उचलून द्यायला लागली. ओवीला कप देताना तिची वाकडी करंगळी कपाखालून बाहेर आली, जशी रोजच यायची. ओवी तिच्याकडं बघत राहिली. मग तिचा स्वतःचा हात आपसूक खांद्याकडं गेला.

"आई, तू मला धरलं होतंस."

"काहीतरीच काय."

"माझा खांदा धरला होतास. टिक् वाजलं तेव्हा तुझा हात इथं होता. तो तुझा अहवाल आहे."

शीतलबाईंचा कप बशीवर टेकला. "म्हणजे काय?" असं त्यांनी विहानला विचारलं. विहानला कळलं होतं, पण त्यानं चहाचा घोट घेतला.

"म्हणजे माझा आहे," ऋतुजा म्हणाली. आता लपवण्यात काही राम नव्हता आणि तिला त्या सगळ्याचाच कंटाळा आला होता. "लाल माझी आहे. माझ्या आईचं होतं तेच. पोरीची स्वच्छ आहे, दोनदा बघा, दहादा बघा. तुम्हाला पोरगीच करून न्यायची आहे ना? तुम्ही न्या तिला. माझं मी बघेन."

 शीतलबाईंनी घसा साफ केला. त्या वाईट बाई नव्हत्या, फक्त त्यांना हिशेब लवकर सुचायचे. "तसं नव्हे हो ऋतुजाताई. पण ओवी एकुलती. उद्या तुमचं करायचं म्हणजे... तिला इकडंच धाव घ्यावी लागणार. आमच्या घराचं काय मग?"

"मी धाव नाही घेणार," ओवी म्हणाली. "आई माझ्याजवळच असेल. तुम्हाला आत्ता सांगते, म्हणजे नंतर बोलायला नको."

"ओवी," ऋतुजा म्हणाली.

"तू थांब आई. तू आजीचं केलंस तेव्हा कुणाला विचारलं होतंस?" ती विहानकडं वळली. "तू सांग."

विहाननं चपलांकडं पाहिलं, आईकडं पाहिलं, पेढ्यांच्या बॉक्सकडं पाहिलं. "आपण बघू ना," तो म्हणाला.

"बरं. तू बघ," ओवी म्हणाली, आणि हातातला पेढा तिनं परत बॉक्समध्ये ठेवला.

*

"कशाला सांगितलंस?" ऋतुजा दोन दिवस हेच म्हणत होती. भांडी घासताना, कुलूप लावताना, रिक्षात. "तोंड बंद ठेवलं असतंस तर आज हॉल ठरला असता. मी काय उद्याच पडणार आहे का?"

"पडूच नयेस म्हणून तर नेतेय."

ओवीनं डॉक्टरांची वेळ घेतली होती. औषध आहे, इंजेक्शन आहे, व्यायाम आहे, आत्ता सुरू केलं तर जाळी पुष्कळ सावरते, असं डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं. पण त्यांना आधी नीट काढलेला फोटो हवा होता, कुणाच्या खांद्यावरून चोरून आलेला नव्हे. म्हणून ऋतुजा मगदूम स्वतःच्याच सेंटरमध्ये, स्वतःच्याच मशीनपुढं, स्वतःच घडी घालून ठेवलेला गाऊन घालून उभी होती. लाल पत्रिकेनंतर औषधासाठी परत आलेलं या सेंटरमधलं ते पहिलं माणूस होतं, आणि ते माणूस भयंकर वैतागलेलं होतं.

येताना बाकावर विहान बसलेला दिसला होता. एकटाच.

"आईला सांगून आलास?" ऋतुजानं विचारलं होतं.

"नाही."

"मग?"

त्यानं 'बघू' म्हणायला तोंड उघडलं होतं, हे तिला स्पष्ट दिसलं. तोंड मिटलं. "संध्याकाळी सांगतो तिला. ओवी, तुम्ही आणि मी एकत्र राहणार आहोत म्हणून," तो म्हणाला. ओवीनं आपली पर्स त्याच्याजवळ ठेवायला दिली.

"कृपया स्थिर उभे राहा," मशीन म्हणालं.

ऋतुजाला स्थिर राहता येईना. जन्मभर न हललेले हात थरथरत होते. आई डोळ्यांपुढं येत होती, तिला कुशीवर वळवणं, तिचं ते छताकडं बघत राहणं. भीती वाटत होती, आणि एवढ्या साध्या गोष्टीची भीती वाटते म्हणून स्वतःचाच राग येत होता.

"कृपया स्थिर उभे राहा."

"उभीच आहे ना!" ती मशीनवर ओरडली.

दार उघडून ओवी आत आली आणि मागून तिनं आईच्या दंडांना धरलं. मशीन लगेच म्हणालं, "चौकटीत दोन व्यक्ती आहेत. कृपया एका व्यक्तीने बाहेर जावे." ऋतुजानंच कंपनीला चूक कळवली होती, त्यांनी ती तेवढ्यापुरती सुधारली होती.

"जा गं बाहेर. ऐकलंस ना ते?"

"धरायला घरचं माणूस लागतं. तूच सांगायचीस."

ऋतुजानं मान वळवून पोरीकडं पाहिलं. ओवी हसत नव्हती. तिच्या बोटांना हळदीचा वास येत होता आणि तिची पकड चांगली घट्ट होती.

"मग नीट धर," ऋतुजा म्हणाली. "असं नव्हे. चौकटीबाहेर उभी राहा, अगदी कोपराजवळ धर. बोटं मागं घे, तुझं एकही हाड फोटोत आलं तर याद राख. पाय जमिनीला टेकव. आणि काही झालं तरी हलू नकोस."

"नाही हलत."

हात हळूहळू शांत झाले. मशीनला आता एकच माणूस दिसत होतं. बाहेर रांगेतलं कुणीतरी किती वेळ म्हणून कुरकुरत होतं. ऋतुजानं छाती प्लेटला लावली आणि मशीन बोलायच्या आत स्वतःच म्हणाली, "श्वास घ्या. रोखून धरा."

दोघींनी धरला.